त्याचं हाय, ह्याचं हाय

कन्नडपासून कोरियापर्यंतच्या सगळ्या अप्पांमधले माझे अप्पा,

सकाळचे साडेसहा वाजलेत. आठ वीसला सिडकोच्या चौकात कंपनीची बस येते आणि दहा वाजता शेंद्र्याच्या ऑफिसात मला एका कागदावर सही करायची आहे. त्या कागदावर एक शब्द आहे. मी सही केली तर त्या शब्दापायी एका माणसाची नोकरी जाईल. नाही केली तर बहुतेक माझी. अशा वेळी मुली वडिलांना विचारतात. तुम्ही जाऊन सात महिने झाले, म्हणून विचारायचं ते लिहिते आहे.

तुमच्याच टेबलाशी बसले आहे. समोर तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही आहे आणि तिच्यात मी सोमवारी संध्याकाळी एक कागद लपवला. हो, लपवला. आईने तुमच्या कपाटाला अजून कुणाला हात लावू दिलेला नाही, तेव्हा तिथे कोण बघणार? वही उघडून कुठल्या पानात ठेवतेय हेसुद्धा पाहिलं नाही. चोरासारखा कोंबला आणि कपाट लावून टाकलं.

'सारखे शब्द'. वहीवर तुमच्या अक्षरात अजून तसंच आहे. देवगाव रंगारीच्या शाळेत शिकवत असताना तुम्ही ती सुरू केलीत. कुठला तालुका असं कुणी पुण्याकडच्या पाहुण्याने विचारलं की तुम्ही सांगायचात, कन्नड. मग तो म्हणायचा, "वा, म्हणजे कन्नड येत असेल तुम्हाला!" दरवेळी तेच, आणि दरवेळी तुम्ही तितकेच खूश. पहिल्या पानावर तेच आहे. पुढे फारसीतला 'बद' आणि इंग्रजीतला 'बॅड'. आपल्या बदनाममधला बद सरळ साहेबाच्या तोंडात कसा गेला, यावर तुम्ही मला एकदा शाळेच्या वाटेवर पूर्ण दोन मैल बोललात. मग 'बेहतर' आणि 'बेटर'. आणि कोरियातली पोरं बापाला अप्पा म्हणतात हे कळलं त्या दिवशी तर तुम्ही जिलबी आणलीत. आईने विचारलं, "कुणाचं काय झालं?" तुम्ही म्हणालात, "गोतावळा वाढला."

मी पुण्याहून जपानी शिकून आले आणि तुमची जिलबी कडू केली. आठवतं ना? मी म्हटलं, अप्पा, बदचा बॅडशी काही संबंध नाही. तोंडातून निघणारे आवाज ते किती आणि जगातल्या भाषा किती. कुठेतरी दोन शब्दांची टक्कर होणारच. याला योगायोग म्हणतात. तुम्ही चष्मा पुसत ऐकलंत आणि म्हणालात, "नातं नसेल, नको. पण ओळख तर झाली? बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाशी आपलं कुठं नातं असतं?"

त्या बोलण्यावर मी हसले होते. आज मला तो शेजारी फार महागात पडतोय.

नीट क्रमाने सांगते. तुम्ही गेल्यानंतर आमच्याकडे जपानहून एक इंजिनियर आले, मोरी-सान. पहिल्याच दिवशी कारखानाभर खसखस पिकली, कारण मोरी म्हणजे आपल्याकडे भांडी घासायची जागा. त्यांच्याकडे मोरी म्हणजे जंगल. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते स्वतःच हसून लोटपोट झाले. मग आमचे सुपरवायझर रोज सकाळी अदबीने म्हणू लागले, "अहो मोरीसाहेब!" आणि जपानीत 'अहो' म्हणजे मूर्ख, अप्पा! चार दिवस तो बिचारा माणूस रोज सकाळी हात जोडून मूर्ख म्हणवून घेत होता. मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी 'अहो' हीच हाक कायम करून टाकली. असा साधा माणूस आहे. पन्नाशीचा, डब्यात रोज तेच तेच नेणारा, कामगारांच्या शेजारी मांडी घालून बसणारा.

तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. सारखे शब्द असे फसवतात हे मी रोज बघत होते, पूर्वी तुम्हाला शिकवलंही होतं. आणि केलं काय?

प्रेसवर काम करणाऱ्या फिटरांना थोडं जपानी शिकवा, असं मॅनेजर म्हणाले. सगळे आसपासच्या गावांतले. जपानी म्हटल्यावर त्यांचे चेहरे पडले. मला त्यांना हसवायचं होतं आणि, खरं सांगते, मला भावही खायचा होता. मी म्हटलं, निम्मं तर तुम्हाला येतंच. तुम्ही हाय म्हणता, तेही हाय म्हणतात. तुम्ही नाय म्हणता, तेही नाय म्हणतात. सगळे असे हसले की काय सांगू! मी तेच एका कागदावर मार्करने मोठं लिहिलं आणि प्रेसशेजारच्या भिंतीवर चिकटवलं: हाय = हाय, नाय = नाय. मोरी-साननाही सांगितलं, यांचा नाय म्हणजे तुमचाच नाय. लहानसहान कामाला मी नसले तरी चालेल.

ते सारखेपण तुमच्याच वहीतलं होतं. तुम्हाला खोडून काढलं आणि चारचौघांत वाहवा घ्यायला तुमचंच वापरलं. वर सांगितलंही नाही की हे माझ्या वडिलांचं आहे.

सोमवारी जेवणाची सुट्टी संपता संपता प्रेसचा एक पाइप गळायला लागला. मी ऑफिसात होते. तेलाच्या दाबावर चालणारं मशीन आहे ते. बंद केलं तरी पाइपात दाब राहतो, तो उतरला की नाही हे दाखवणारा काटा मागच्या बाजूला. मोरी-सान पुढे, हातात पाना. मागे काट्यापाशी सुखदेव फिटर. मोरी-साननी, मी शिकवलेल्या मराठीत, ओरडून विचारलं, "प्रेशर नाय?"

सुखदेवभाऊंनी काटा पाहिला. काटा वर होता. त्यांनी ओरडून सांगितलं, "हाय!"

आता तुम्ही ओळखलंच असेल. आपल्यात "नाही का?" असं विचारलं आणि 'आहे' असं उत्तर आलं, तर वस्तू आहे. जपानीत 'हाय' म्हणजे आहे नव्हे. 'हाय' म्हणजे तुम्ही म्हणता तसंच. प्रेशर नाही ना? हाय. म्हणजे बरोबर, नाही. मोरी-साननी पाना फिरवला आणि तापलेलं तेल त्यांच्या उजव्या हातावर आलं.

डोळे वाचले, चष्मा होता. हात कोपरापर्यंत बांधलेला आहे. बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

मी धावत गेले तेव्हा जमिनीवर तेल होतं, माणसं त्यांना उचलून नेत होती आणि सुखदेवभाऊ भिंतीला टेकून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "हाय म्हणलो ना मी. हाय म्हणलो." त्यांच्या डोक्याच्या वर तो कागद होता. सुखदेवभाऊ बाहेर गेल्यावर मी काय केलं असेल? तेल पुसायला फडकं आणलं नाही. कागद काढला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

सुखदेवभाऊंना तुम्ही ओळखता. देवगावचेच, तुमच्या चौथीच्या वर्गातले. आता सासुरवाडीला शेंद्र्यात राहतात. कंपनीत पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून म्हणाले होते, "गुरुजींची लेक व्हय तुमी? मला गुरुजींनी कदी मारलं नाय बगा." एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते ना, की तुमची मुलं अजून हाय-नाय बोलतात, सुधारा? आणि तुम्ही म्हणालात, "पोरगं खरं बोलतंय का ते बघा साहेब." ती गोष्ट आपल्या घरात तुम्ही शंभर वेळा सांगितली असेल. ते पोरगं म्हणजे सुखदेव होते. हे मला त्यांनीच सांगितलं.

रागावू नका, पण बुधवारी माझ्या मनात आलंच. तुम्ही तेव्हा त्यांना 'आहे' म्हणायला लावलं असतं तर?

कारण बुधवारी मॅनेजरनी चौकशीत नेमकं तेच विचारलं. मी दुभाषी म्हणून शेजारी बसले होते.

"मोरी-साननी विचारलं, प्रेशर नाही ना. तू काय म्हणालास?"

"हाय म्हणलो, साहेब."

"म्हणजे तू होकार दिलास. कबूल आहे."

"होकार कशाचा? प्रेशर हाय, आसं म्हणलो. हाय म्हंजे हायच की वो साहेब."

"मग आहे म्हणायला काय झालं होतं? इतकी वर्षं कंपनीत काढली, नीट बोलायला कुणी शिकवलं नाही का?"

पंचेचाळीस वर्षांचा माणूस, अप्पा. ज्याने काटा बघितला, खरं ते सांगितलं, मोठ्याने सांगितलं, तो मान खाली घालून बसला होता, कारण त्याची आई जसं बोलायची तसं तो बोलला. त्याक्षणी माझा तुमच्यावरचा राग गेला आणि मॅनेजरवर आला. पण तोंडातून शब्द निघाला का? नाही. माझ्या तोंडाला तेव्हा दोन भाषा येत होत्या आणि मी एकाही भाषेत बोलले नाही.

बाहेर आल्यावर ते व्हरांड्यात थांबले होते. आवाज खाली करून विचारलं, "ताई, तो भितीवरला कागद कुठं गेला वो?"

मी म्हटलं, "कुठला कागद?"

ते म्हणाले, "आसू द्या. आत तुमचं नाव मी घेतलं नाय. गुरुजींचं मीठ न्हाई, पर अक्षर खाल्लंय."

मला चप्पल काढून मारली असती तरी चाललं असतं.

आज ज्यावर सही करायची तो कागद म्हणजे मोरी-सानच्या जबाबाचा मराठी तर्जुमा. मंगळवारी दवाखान्यात त्यांनी सांगितला आणि मी लिहिला. 'मी विचारलं, प्रेशर नाही ना? फिटर म्हणाला, होय.' तुम्ही तपासलात तर चूक सापडणार नाही. शब्दाला शब्द बरोबर आहे. मोरी-सान खोटं बोललेले नाहीत, सुखदेवभाऊ खोटं बोललेले नाहीत, आणि तर्जुमाही खोटा नाही. तरी तो कागद खोटा आहे, आणि हे कळणारी त्या कारखान्यात मी एकटी आहे. दोन्हीकडचा 'हाय' एकच, असं त्या दोघांनाही सांगणारीही मीच.

मोरी-सान पलंगावरून मला म्हणाले होते, "त्या माणसाने असं का सांगितलं असेल? तो तर काळजीने काम करतो." मी म्हणू शकले असते, त्याने बरोबर सांगितलं. एका वाक्याचं काम होतं. मी त्यांची उशी नीट केली.

सात वाजून गेले. आई उठली. चहा ठेवता ठेवता तिने दारातून विचारलं, "काय लिहितेस एवढं?"

"अप्पांना पत्र."

तिला यात काही वेगळं वाटलं नाही. म्हणाली, "त्यांना लिही, चष्म्याचं घर सापडलं. गादीखाली होतं." मग थोडं थांबून, "आणि तुझं तोंड का असं? तीन दिवस बघतेय, भाकरी अर्धी टाकतेस."

मी म्हटलं, काही नाही. आई म्हणाली, "तुझ्या बापाचं काही नाही असंच असायचं." आणि गेली.

तिला अजून सांगितलेलं नाही. माझा करार पुढच्या महिन्यात संपतो. दुभाष्याचं चुकीचं शिकवणं आणि वर भिंतीवरचा पुरावा काढून घेणं, एवढ्यानंतर कोण ठेवेल मला? या शहरात जपानी लागणारी कामं बोटावर मोजण्याइतकी आहेत आणि त्या सगळ्यांचे साहेब एकमेकांना ओळखतात. मी भित्री आहे, अप्पा. तुम्हाला वाटायचं तशी मी नाही.

तुमच्याविषयीही एक गोष्ट आत सलते आहे, ती लिहूनच टाकते. तुम्ही जाण्याआधी दोनेक आठवडे, भर दुपारी, ऑफिसात तुमचा फोन आला होता. "वसू, तुझ्या जपानीतला एक शब्द विचारायचाय. तो 'हाय' आहे ना..." मी म्हटलं, "अप्पा, मीटिंगमध्ये आहे. सारखे शब्द नंतर." मीटिंग नव्हती. मी चहा पीत होते आणि मला वैताग आला होता. तुम्ही म्हणालात, "बरं बरं, काम कर." त्यानंतर तुम्ही रोज फोन केलात, दूध, वीज, आईची गुडघेदुखी, सगळं बोललात. शब्दाचं पुन्हा काढलं नाहीत. मीही विचारलं नाही. तुम्ही का नाही आग्रह धरलात? एरवी तर भाजीवाल्यालाही सोडत नव्हता.

थांबा. कागद काढायला वही उघडली.

अप्पा, माझा कागद ज्या पानात गेला ते तुमचं शेवटचं लिहिलेलं पान आहे. शेवटचंच असणार. जाड वही शेवटच्या पानालाच उघडते, त्यात नवल नाही. पण हे मी आधी का वाचलं नाही? तुमचं अक्षर जसंच्या तसं उतरवते:

'दौलताबादला गेलो. रशीदभाई गाईड भेटले. किल्ल्याच्या पायथ्याशी आम्ही दोघं डबा सोडून बसलो. शेजारी एक जपानी प्रवासी, एकटाच. वाटलं, विचारावं. हाताने घास दाखवून विचारलं, जेवण नाय? तो मान हलवून म्हणाला, हाय. झालेलं दिसतं, असं समजून आम्ही जेवून घेतलं. नंतर बघतो तर तो पलीकडे जाऊन कोरडी बिस्किटं खात बसलेला. रशीदभाई म्हणाले, "गुरुजी, हाय बोल्या, पन खाया कुछ बी नै." मग हाय म्हणजे नक्की काय? जेवला होता की नव्हता? वसूला विचारणे.'

खाली पेन्सिलने एक ओळ आहे. 'विचारलं. कामात आहे. पुन्हा विचारणे.'

आईने चहा आणून ठेवला, तो गार झाला.

म्हणजे तुम्हाला सापडलं होतं. जपानीचा एक धडाही न शिकता, भाकरीचा डबा सोडून बसल्या बसल्या, हे दोन हाय एक नाहीत हे तुमच्या लक्षात आलं होतं. तुम्ही मला सारखे शब्द दाखवायला फोन केला नव्हता. ते वेगळे कसे ते विचारायला केला होता. मी ते ऐकून घेतलं असतं, दोन मिनिटं, तर तो कागद भिंतीवर चिकटवताना माझा हात थांबला असता की नाही? थांबला असता. मी स्वतःला आता सूट देणार नाही.

आणि तुम्ही एका उपाशी माणसाला विचारून, त्याचं उत्तर ऐकून, त्याच्यासमोर जेवलात. सुखदेवभाऊंचं उत्तर ऐकून मोरी-साननी पाना फिरवला. चूक तीच. फरक एवढाच की तुम्ही घरी येऊन लिहून ठेवलीत आणि मी घडी घालून लपवली.

आठला दहा कमी आहेत. आवरायला हवं.

तुम्हाला शब्द देते. आज मी त्या तर्जुम्यावर सही करणार नाही. दुसरा लिहीन. त्यात मोरी-सानचा 'हाय' त्यांच्या अर्थाने लिहीन आणि सुखदेवभाऊंचा 'हाय' त्यांच्या अर्थाने, आणि त्यांच्या हायचा 'आहे' मी करणार नाही. हाय असाच लिहीन. भिंतीवरचा कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवीन आणि तो कुणी लिहिला, कुणी काढला, तेही सांगेन. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन मोरी-साननाही सांगेन, त्यांच्या भाषेत, उशीला हात न लावता. मग जे व्हायचं ते होवो. आईला रात्री जेवताना सांगेन, पूर्ण भाकरी खाऊन.

वही बरोबर नेते आहे. तुमच्या पेन्सिलीच्या ओळीखाली आत्ताच, पेनने, तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. उशीर झाला, पण लिहिलं.

नव्हता जेवला, अप्पा. तो उपाशी होता.

कामात नसलेली,
तुमची वसू